आपल्याच रूटवर

रश्मीने रिक्षा एकटीसाठी बुक केली होती. मागच्या सीटवर आधीच एक म्हातारी बसलेली होती, आणि तिला कुठेच जायचं नव्हतं.

योजना सरळ होती. फोन केला की ई-रिक्षा दारात येणार आणि खकनारहून बुऱ्हाणपूरला जाणारी बस फाट्यावर गाठून देणार. बसला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. रश्मीची दहाला बुऱ्हाणपूरच्या शाळेत मुलाखत होती. ही बस गेली की पुढची थेट दुपारी.

म्हातारीचं नाव मालूबाई, शेजारच्या गावच्या. रिक्षावाला मोहित त्यांना रोज सकाळी रिक्षात घालून फाट्यापर्यंत नेतो आणि परत घरी सोडतो, फुकट. सकाळची हवा चांगली असते, एवढंच त्यांनी रश्मीला सांगितलं. मग केळीच्या बागेपाशी रिक्षा थांबवून एका बाईशी लोणच्याबद्दल बोलत बसल्या. लोणचं काही मुरेना. रश्मीने मोहितकडे पाहिलं.

"फिकर नका करू दीदी," तो म्हणाला. "बस कुठी जात नाही."

फाटा दिसला तेव्हा बस जात होती.

मोहितने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. रिक्षा कडेला घेतली, मागे वळला आणि अदबीने म्हणाला, "मावशी, जरा डोकं बाहेर काढा."

मालूबाईंनी पदर सारखा केला आणि डोकं बाहेर काढलं.

बस थांबली. मग सगळ्या प्रवाशांसकट मागे आली. ड्रायव्हर अमोल उडी मारून उतरला, तोंडातली सुपारी थुंकली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि रस्त्यातच वाकून पाया पडला.

"आई, कुठं निघालात?"

"कुठं नाही, जावईबापू. हवा खायला."

मग त्यांनी लेकीची तब्येत विचारली, नातवाचा खोकला विचारला. अमोल हात बांधून उत्तरं देत राहिला. बसमधलं कुणी कुरकुरलं नाही, सवयीची माणसं होती. तेवढ्यात रश्मी चढून खिडकीशी बसलीसुद्धा. तिने मोहितला जवळ बोलावलं. नोकरी लागलीच तर रोज संध्याकाळी परत यायचं, ती बस फाट्यावर थांबेल का, असं विचारलं.

"त्या गाडीवर निरंजन आहे," मोहित म्हणाला. "कुंवारा आहे अजून. त्याच्यासाठी आपल्याच रूटवर मुलगी पाहणं चालूये."

बस सुरू झाली. मालूबाईंनी डोकं आणखी थोडं बाहेर काढलं आणि रश्मीला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

"पोरी, तू कोणाची गं?"