म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी

"आज गाडी घरी न्हाय गेली ना, तर मी हितंच उतरीन आन् रिक्षा करून जाईन," बकुळा म्हणाली आणि तिनं खरोखरच दाराला हात घातला.

नरेंद्रनं मानकोली नाक्याच्या जरा अलीकडे, एका गोदामाच्या भिंतीलगत व्हॅन उभी केली. पुढे कंटेनरची रांग लागली होती. कामतघरचं त्यांचं घर इथून अर्ध्या तासावर होतं.

"एवढ्या उन्हाचं कुठं जाशील?"

"माझ्या घरी! दुसरं कुठं?"

नरेंद्रनं फडकं घेऊन समोरची काच पुसायला घेतली. तो असं उत्तर टाळू लागला की बकुळाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

राग येणार नाही तर काय होईल? पस्तीस वर्षं कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस. गाडी लागते म्हणून खारबावला तिच्या माहेरच्या लग्नालासुद्धा खिशात लिंबू घेऊन यायचा आणि वाटेत दोनदा उतरायचा. त्यानं रिटायर झाल्यावर गाडी चालवायला शिकावं, जुनी व्हॅन घ्यावी, मागं गादी आणि गॅसची शेगडी टाकावी आणि बायकोला म्हणावं, चल, देश बघू! बुद्धगया, सारनाथ, सगळी ठिकाणं बघू. तीन महिन्यांत परत येऊ. त्या तीन महिन्यांना आता एक वर्ष आठ महिने झाले होते.

बरं, निघायची वेळ तरी कुठली? सून मृणाली पोटुशी होती. नाजूक पोर, चौथ्या महिन्यातच माहेरी जाऊन बसली होती. घरात सासू म्हणून बकुळाची गरज होती ती तेव्हाच. पण ह्यांच्या पायाला भिंगरी लागलेली! भाविक जन्मला तेव्हा आजी बुद्धगयेत बोधिवृक्षाखाली बसली होती. नातवाचं तोंड तिनं पाहिलं ते मोबाइलवर. बाळाला कसं धरावं, टाळूवर तेल किती घालावं, कपडा कसा बांधावा, सगळं तिनं तिथूनच समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी समजावत होती तेव्हा बिचाऱ्यांचं नेटवर्क गेलं. पुढेही नेमकं तिचा फोन आला की जायचं.

घराकडे वळायचं पाचदा ठरलं आणि पाचदा मोडलं. भोपाळहून निघाले तर ह्यांना सांची परत बघायची लहर आली. नाशिकपर्यंत आले, घराचा वास यायला लागला, तर म्हणे वेरूळ राहिलंच की! नरेंद्रची एकुलती एक बहीण गेली ती बातमी श्रावस्तीत कळली. तो रात्रभर व्हॅनच्या पायरीवर बसून रडला, पण सकाळी गाडी काढली ती घराच्या उलट दिशेला. असा दगड माणूस.

खोटं कशाला बोला, सुखाचे दिवसही होते. कुशीनगरला पाय घसरून बकुळाचा हात मोडला, तेव्हा सहा आठवडे नरेंद्रनं तिची वेणी घातली. वाकडी घालायचा. ती रोज सांगायची की वाकडी आहे, तो रोज सोडून परत घालायचा. भाजीत मीठ कमी म्हटलं तर घालायचा, जास्त म्हटलं तर ती भाजी स्वतः खायचा. सगळं आयुष्य घरादाराला वळण लावण्यात गेलं होतं तिचं. व्हॅनमध्ये वळण लावायला एकच माणूस होता आणि तो निमूट ऐकायचा. कधी कधी तिला हसूसुद्धा यायचं. पण म्हणून काय जन्मभर चाकांवरच राहायचं?

"नातू चालायला लागला," ती कडाडली. "मला आज्जी म्हणून वळखंल तरी का तो? तुमी माझं हे सुख खाल्लं! तुमच्या हौसेपायी!"

"माझ्याच हौसेपायी गं," नरेंद्र म्हणाला. "सगळी चूक माझीच."

"मंग चला घरी."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. या दीड-पावणेदोन वर्षांत तो फार वाळला होता. साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले. "हवा बघून घेतो चाकांची," असं पुटपुटत तो उतरला आणि पलीकडच्या पंक्चरवाल्याकडे गेला.

हवा बघायची म्हणे! म्हणजे पुन्हा काहीतरी निघणार. आज मात्र ती ऐकणार नव्हती. भाविकला मांडीवर घेतल्याशिवाय आज सूर्य मावळू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात समोर ठेवलेला नरेंद्रचा फोन वाजला. सुगतचा होता. बकुळाला भरून आलं. पोटचं पोर ते, बापाला चांगलं खडसावेल. गाऱ्हाणं सांगायलाच तिनं फोन कानाला लावला, पण सुगत घाईत होता.

"बाबा, आई शेजारी असेल तर काही बोलू नका. नुसतं हूं म्हणा."

बकुळाचा राग जागच्या जागी विरला. म्हणजे पोरांनी काहीतरी बेत केलाय! दाराला तोरण, गोडाधोडाचं जेवण. आईला चकित करायचंय लबाडांना. तिनं पदर तोंडाशी धरून हसू दाबलं आणि जाड आवाजात म्हटलं, "हूं."

"तुमचा मेसेज वाचला. मानकोलीवरूनच गाडी वळवा, बाबा. कोकणात न्या, गोव्याला न्या, कुठंही न्या. आईला घरी ठेवणार नाही असा शब्द तुम्ही दिलात, म्हणून मृणाली माहेराहून परत आली. तुमचे हाल कळतात मला, आत्याच्या मातीलासुद्धा तुम्हाला येऊ दिलं नाही मी. पण मृणालीचं सोडा, आई गेल्यापासून मलासुद्धा कामावरून सरळ घरी यावंसं वाटतं."