कर्नाळ्याचे फोटो

दिवाळीत कमलाकरांनी यूट्यूब बघत बघत जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्क जोडली आणि सगळ्यांच्या फोटोंसाठी पनवेलच्या घरातच जागा करून ठेवली. पाडव्याला जेवायला आलेल्या इंद्रजीतच्या फोनमध्ये त्यांनी स्वतः ॲप टाकून दिलं. "आता तू काढलेला प्रत्येक फोटो आपोआप इथे येणार बघ," ते लेकाला म्हणाले.

आले ते फक्त पाडव्याचे.

परवा खारघरहून इंद्रजीत बायको-पोरीला घेऊन पनवेलवरूनच कर्नाळ्याला जाऊन आला. ते फोटो त्याच्या स्टेटसला दिसले, पण लॅपटॉपवर एकही उतरला नाही. कमलाकरांनी केबल बदलली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. शेवटी बायकोचा, सुनीताबाईंचा फोन घेऊन ते ॲपची एकेक सेटिंग वाचत बसले. कोणाचा डेटा उगाच संपू नये म्हणून पाडव्याला त्यांनीच सगळ्यांच्या फोनवर टिक केली होती: 'फक्त घरच्या वायफायवर.'

"सापडला का हो बिघाड?" सुनीताबाईंनी वाल सोलता सोलता विचारलं.

"बिघाड नाहीच. त्याचा फोन या घरात आला की फोटो येतात."

सुनीताबाई वाल सोलत राहिल्या.

संध्याकाळी कमलाकरांनी इंद्रजीतला फोन लावला. "अरे, मशीन बिघडलंय. रविवारी येऊन जरा बघतोस का?"

 

"त्यासाठी यायला कशाला हवं, बाबा? फोटो मी इथूनच व्हॉट्सॲपवर टाकतो ना!"