भरलेला तांब्या

“आता तहान लागली तरच पाणी. तुम्ही होऊन पुढे करायचं नाही,” डॉक्टरांनी बजावलं होतं. “या औषधावर जास्तीचं पाणी अंगात साठतं. फीटसुद्धा येऊ शकते.”

यशोदाबाईंनी लेकीसाठी भरलेला तांब्या खाली ठेवला. पुन्हा उचलला.

मंदाची तहान आजवर कशानंच पुरती भागली नव्हती. घागरी संपवायची, सारखी मोरीकडे धावायची. वर्गात बसू देईनात, म्हणून शाळा सुटली. आधीच्या इंजेक्शनचा जोर दुपारपर्यंत ओसरायचा. आज सकाळी मुंबईहून आणलेलं नवं औषध थेंब थेंब नाकात घातलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, “मेंदूतल्या ग्रंथीतून येते ती नऊ अमिनो आम्लांची माळ. हिच्या अंगात ती तयारच होत नाही. ही प्रयोगशाळेत ओवलेली. पहिल्या मण्याचा कोपरा काढलाय, आठवा आरशात दिसतो तसा उलटा घातलाय. म्हणून लवकर तुटत नाही.”

“मणी बदलल्यावर जप तोच राहतो का हो?”

डॉक्टर हसले होते. “पाणी धरायचा जप राहिला, बाई. रक्तदाब वाढवायचा तेवढा सुटला.”

दुपार झाली. मंदा दारातल्या पायरीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. जेवताना माठातलं फुलपात्रभर प्याली, तेवढंच. मग जागची हलली नव्हती. यशोदाबाई आत गेल्या, बाहेर आल्या. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“मंदे, घोटभर देऊ?”

“नको गं.”

“घसा कोरडा पडला असेल.”

“आई, मी तुळस आहे का, सारखं पाणी घालायला?”

यशोदाबाईंनी जीभ चावली. आत येऊन देवापुढे बसल्या, पण माळ पुढे सरकेना. ज्या दिवशी लेकीसाठी भरलेला तांब्या तसाच राहील, त्या दिवशी तो सोमेश्वराला अनवाणी नेऊन वाहीन, असा नवस त्या बोलल्या होत्या. कान मात्र दाराकडेच. आत्ता हाक येईल. मग येईल.

उन्हं कलली. निवृत्ती कामावरून आले, लेकीशेजारी पायरीवर टेकले. मंदा त्यांना नकाशातली गोदावरी दाखवू लागली.

यशोदाबाई उठल्या. सकाळी भरलेल्या तांब्याला ओठ लागले नव्हते. त्यावर वाटी झाकली, पदर डोक्यावरून घेतला.

“तहान लागली तर माठातलं घे हो.”

“आणि तू कुठं निघालीस? चपला राहिल्या की!” मंदा म्हणाली.

दोन्ही हातांत तांब्या धरून, पाणी हिंदकळू न देता, त्या सोमेश्वराकडे जाणाऱ्या गंगापूर रस्त्याला लागल्या.