रिकामी टाकी

मित्राचा, देवदत्तचा निरोप ईश्वरने चहा पिता पिता स्पीकरवर लावला आणि कप हातातच राहिला. "टाकी पोचली रे. शिवणीला बारीक चीर दिसतेय. धुतल्याचा टॅग आहेच, तर आत्ताच वेल्डिंग मारून टाकतो." निरोप येऊन बराच वेळ झाला होता. ईश्वर तेव्हा सोफ्यावर घोरत होता.

त्याने फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, शेजारी जनरेटरची धडधड, त्यात फोन कुठला ऐकू येतोय! आणि टाकी रिकामी नव्हती. तळाशी थोडं डिझेल होतं. ते ईश्वरने त्याच सकाळी स्वतःच्या हाताने ओतलं होतं.

बायकोला, वनिताला फोन लावत राहायला सांगून तो बूट अर्धवट घालूनच पिकअपकडे गेला. देवदत्तचं एकरेज, म्हणजे मोकळ्या जमिनीवरचं घर, एडमंटनच्या बाहेर, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. गुडघे कुरकुरले. ते हल्ली प्रत्येक गोष्टीला कुरकुरायचे.

ऑइल कंपनीने ईश्वरला घरी बसवलं, तेव्हा लोकांच्या पार्किंग लॉटमधला बर्फ उपसण्याचा धंदा काढ, हे देवदत्तनेच त्याच्या डोक्यात भरलं. पिकअपच्या मागे बसवायची ही डिझेलची टाकीही त्याचीच, बर्फ काढणाऱ्या मशीनांना जागेवर जाऊन डिझेल द्यायला. देताना पठ्ठ्याने काठोकाठ भरून दिली होती. मग कितीतरी हिवाळे गेले. पहाटे उठायचं, बर्फ ढकलायचं, घरी येऊन पाठीला शेक द्यायचा. या वर्षी मात्र ईश्वर थकला. अगदी मनापासून थकला. मशीनं विकली, आणि टाकी ज्याची त्याला परत करायची ठरवली.

नियम त्याला पाठ होते. धंद्यात पडताना धोकादायक मालाचा कोर्स केला होता. शिकवणाऱ्या बाईने एकच गोष्ट सगळ्यांकडून घोकून घेतली होती: रिकामी टाकी म्हणजे आतून धुतलेली टाकी. तळाला वाटीभर जरी राहिलं, तरी ती भरलेलीच समजा. डिझेलपेक्षा त्याची वाफ वाईट, बंद टाकीला आच लागली की खेळ आटोपला. पुढे हेच ईश्वरने कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला ऐकवलं, पोरं कंटाळेपर्यंत. म्हणून तर पिकअपवरून सोडवलेली टाकी त्याने आधी वर्कशॉपमध्ये नेऊन वाफेने धुऊन घेतली आणि झाकणाला 'धुतलेली, रिकामी' असा पिवळा टॅग लावून आणला. सगळं कसं कायद्यानुसार.

सकाळी देवदत्त घरी नव्हता. ईश्वरने त्याच्याच लोडरने टाकी शेडमध्ये उतरवली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. इतकी वर्षं जिने घर चालवलं, ती अशी खडखडीत परत करायची? मन घेईना. वनिताही देवदत्तच्या उमाचा डबा कधी तसाच परत धाडत नसे. काही नाही तर चमचाभर साखर, पण घालायचीच. ईश्वरने जेरीकॅनमध्ये उरलेलं डिझेल आत ओतलं, झाकण लावलं, आणि कर्तव्य केल्यासारखा घरी येऊन आडवा झाला. टॅग काढायचं काही त्याला सुचलं नाही. थकल्या माणसाची अक्कल, ती कुठपर्यंत पुरणार?

आता रस्त्यावर बर्फाचा चुरा उडत होता आणि पुढचा ट्रक काही बाजूला होत नव्हता. ईश्वरला रडू येत होतं. उमा दूर सरे शहरात मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. तिला फोन कुणी करायचा? आणि काय सांगायचं? की मी तुझ्या नवऱ्याला भेट म्हणून डिझेल दिलं?

एकरेजच्या फाटकातून आत वळताना त्याला दिसलं. शेडच्या खिडकीत निळा प्रकाश लखलखत होता. वेल्डिंग चालू होतं.

पिकअप चालूच ठेवून तो उतरला. घसरला, उठला, पुन्हा घसरला. शेवटी शेडचं दार दोन्ही हातांनी ढकललं आणि जनरेटरची वायर उपटली. निळा प्रकाश विझला.

देवदत्तने मुखवटा वर केला. त्याच्यासमोर फाटकाची मोडकी बिजागरी होती. टाकी शेडमध्ये नव्हतीच. त्याने हाताने मागच्या दाराकडे खूण केली. बाहेर, बर्फात, टाकी झाकण उघडून उभी होती. शेजारी बादली, बादलीत डिझेल. उद्या पुन्हा धुवायला नेतो म्हणाला, चीर काय, थांबेल.

ईश्वर तिथेच एका उलट्या खोक्यावर बसला. त्याने एवढंच विचारलं, टॅग तर मीच लावून आणला होता, मग तू उघडून का पाहिलंस?

देवदत्तने हातमोजे काढले.

"टॅगवर लिहिलं होतं रिकामी," तो म्हणाला, "पण तुझ्या घरून माझं एक तरी भांडं कधी रिकामं परत आलंय का?"