गाडीची पूजा

रीनाला माप कळत नाही, ही धुरपताबाईची तक्रार सून घरात आली त्या वर्षापासूनची. भाजीत मीठ टाकेल तर मूठभर, म्हशीला सरकीची ढेप घालेल तर घमेलंभर. आज तिनं चहात एवढी साखर ओतली होती की धुरपताबाईनं कप तसाच ओट्यावर सरकवला.

"चाय आहे का पाक व्हय?"

रीनाचे कान अंगणाकडे होते.

सडक अर्जुनीला हायवेला लागूनच त्यांचं घर. अंगणात जुना बॉनेटवाला ट्रक उभा होता आणि धुरपताबाईचा लेक लखन मेकॅनिक सुकरामच्या अंगावर धावून जात होता.

"घाटात सायकलवाला मले मागं टाकून गेला, सुकरामकाका. सायकलवाला. याच्यासाठी उघडलं का इंजिन?"

ट्रक लखनच्या बापाचा, श्यामलालचा. त्यानं तो जन्मभर बैलबंडीसारखा चालवला. देवरीच्या घाटात मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या. ढाब्यावरचे पोट्टे त्या ट्रकला 'आजी' म्हणायचे. पण श्यामलालच्या सोबतीचे ड्रायव्हर एकेक करून घाटाच्या वळणांवर गेले, आणि श्यामलाल गेला तो घरच्या खाटेवर, पोटभर जेवून, झोपेत. हे धुरपताबाई आल्यागेल्याला मान वर करून सांगायची.

लखनला ते 'आजी' फार लागायचं. पावसाळ्यात भाडी नसतात, तेव्हा त्यानं सुकरामकडून इंजिन पार उघडून घेतलं. नवे लायनर-पिस्टन, मोठे नोझल, भंगारातून शोधून आणलेला टर्बो. शेवटी पंपातून इंजिनला डिझेल कमीजास्त सोडणारा स्क्रू वाढवला. सगळी ओढ त्याच स्क्रूवर. धानाचे कट्टे भरून सौंदडपर्यंत चालवून पाहिली तेव्हा गाडी काळा धूर सोडत अशी पळाली की लखन आठवडाभर हसत होता.

पण भाड्याला निघाली की तीच गाडी घाटात रांगायची. पुन्हा सुकराम, पुन्हा स्क्रू, पुन्हा तेच.

"मी सोडली तेव्हा वाघ होती गाडी," सुकराम म्हणाला. "कोनीतरी हात लावून राहिलं पंपाले."

"कोन लावते? भूत?"

"श्यामलालभाऊच्या वेळेसही असंच होय. तेही मलेच शिव्या देत."

"माझ्या मालकाचं नाव मधात नको आणू," धुरपताबाई ओट्यावरून कडाडली. "तुझा हातच तसा आहे, सुकराम. तेव्हाही तसाच होता."

"भाभी, तुमच्यापुढं मी काय बोलू," म्हणत सुकराम पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. स्क्रू वाढवून, नट कसून त्यानं हात पुसले.

लखन आईकडे वळला. त्याचा आवाज आता उतरला होता, आणि धुरपताबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

"माय, आज गाडी घाटात बसली तर मी तिले भंगारात देतो. रायपूरच्या कंपनीनं बलावलं आहे. मोठा ट्रेलर देते. मग सहा-सहा महिने माझं तोंड दिसनार नाही तुमाले."

रीनाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

लखन आंघोळीला गेला, सुकराम घरी गेला. धुरपताबाई उठून ट्रकपाशी आली आणि बॉनेटमध्ये डोकावली. सुकरामच्या तेलकट बोटांचे ठसे ताजे होते. पंपाच्या खाचेत मात्र कुंकू होतं. पूजेचं कुंकू बॉनेटच्या कपाळाला लावतात. एवढं खोल कुणी लावत नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ते पदरानं पुसून टाकलं.

त्या घराची एक रीत होती. ट्रक भाड्याला निघण्याआधी घरच्या बाईनं एकटीनं इंजिनची पूजा करायची. बॉनेट उघडं, हळदकुंकू, उदबत्ती, फुलं. पूजा होईपर्यंत ड्रायव्हरनं मागच्या पडवीत गाडीकडे पाठ करून जेवायचं. आसपास कुणाकडे अशी रीत नव्हती. धुरपताबाई सांगायची, माहेराहून आणली. श्यामलालनं ती कधी मोडली नाही. आता थाळी सुनेच्या हाती आली होती.

लखन जेवायला बसला. रीना थाळी घेऊन पुढे गेली. रोज वाढायला थांबणारी धुरपताबाई आज भात वाढून उठली आणि पावलांचा आवाज न करता अंगणात आली.

रीना बंपरवर चढून बॉनेटमध्ये अर्धी शिरली होती. थाळीतली फुलं बाजूला सारलेली. तिच्या हातात पाना होता.

सासूला पाहून ती जागच्या जागी थिजली.

"काऊन करून राहिली हे?"

"आत्याबाई, तुमी पाहिलं नाही तो कसा चालवते." रीना म्हणाली. "माहेराहून मी त्याच्यासंग आली. घाटात, वळनावर, बसच्या पुढं काढली गाडी. समोरून टँकर. आन् हा हासून राहिला होता. सांगा त्याले माझं नाव. पन त्याले घाटावर असा जाऊ देऊ नका."

मागून लखनची हाक आली. "माय, झाली का पूजा?"

"मधात उठू नको. जेव."

धुरपताबाईनं हात पुढे केला. रीनानं पाना दिला. सासूनं पदर खोचला, बंपरवर पाय ठेवला, नट ढिला केला आणि स्क्रू वाढवत गेली. रीनानं कमी केलेलं जवळजवळ सगळं डिझेल परत आलं. रीनानं डोळे मिटून घेतले.

नट कसून धुरपताबाई खाली उतरली. पाना पदराला पुसून तिनं थाळीत ठेवला, त्याच्यावर फुलं नीट पसरली आणि थाळी सुनेच्या हातात दिली.

"इतका कमी करते का कोनी? अशानं तो रायपूरले पळेल," ती हळूच म्हणाली. "पाव फेरा, बस. तुझ्या सासऱ्याले मरेपर्यंत पत्ता लागला नाही. तुले मापच नाही, पोरी."