सारवोनोकाकांचा फोन

“अठ्ठ्याऐंशी,” कुंचोरो पुटपुटला.

“काय अठ्ठ्याऐंशी?” बाग्योनं तेंपेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, भजं तोंडात कोंबत विचारलं.

“सारवोनोकाकांची बॅटरी. आत्ता बघून आलो. संध्याकाळ व्हायला आली, आणि अठ्ठ्याऐंशी टक्के!”

दोघांनी एकदमच पलीकडे पाहिलं. इंडोनेशियातल्या सेमारांगच्या स्टेशनबाहेर, चहाच्या टपरीला लागून बाइक-टॅक्सीवाल्यांचा अड्डा होता. ॲपवरून भाडी देणाऱ्या कंपनीची नारिंगी जाकिटं चढवून, फोन हँडलला अडकवून सगळे भाड्याची वाट बघत बसायचे. कुंचोरो आणि बाग्यो त्यांच्यातलेच; सारवोनोकाका सगळ्यांत वयस्कर. ते आपल्या बाइकवर बसून निवांत शेंगदाणे सोलत होते.

कुंचोरोचा फोन यंदाच घेतलेला, फाइव्ह-जीचा. पण अड्ड्यावर फाइव्ह-जी घटकेत यायचं, घटकेत जायचं. फोन बिचारा सारखा वरच्या नेटवर्कवरून खालच्यावर आणि खालच्यावरून वरच्यावर उड्या मारत राही, आणि जेवणवेळेपर्यंत तापून मान टाकी. शेवटी बाग्योच्या सांगण्यावरून त्यानं तो फोर-जीवरच अडकवून ठेवला, तेव्हा कुठे दुपार निघू लागली. आणि काकांचा फोन? काच तडकलेली, मॉडेल बाबा आदमच्या काळातलं.

एरवी त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण महिनाभर त्याला धड भाडं मिळत नव्हतं. कंपनीनं इशारा दिला होता की काम वाढलं नाही तर खातं बंद. खातं बंद म्हणजे घरची चूल बंद, आणि बायकोला सातवा महिना. आपली भाडी कुणीतरी पळवतंय, ही शंका त्याला झोपू देत नव्हती.

टपरीमागे लिलिसचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तो तिथं जाऊन उभा राहिला.

“लिलिसताई, जुना फोन दिवसभर टिकतो का गं?”

“नकाशा, लोकेशन, नेट, सगळं चालू ठेवून? छे! नवा प्रोसेसर थोडक्या विजेत काम उरकतो. जुना तेवढ्याच कामाला दुप्पट खातो आणि वर तापतो. तसला फोन टिकवायचा तर एकच मार्ग.”

“कोणता?”

“त्याला कामच द्यायचं नाही,” असं म्हणून ती पुन्हा सोल्डरिंगला लागली.

कुंचोरोनं येऊन सांगितलं तसा बाग्यो मांडीवर थाप मारून उठला. “म्हणजे काम दुसराच फोन करतोय! हा नुसता दाखवायचा. खरा असणार सीटखाली, आणि त्याच्यात तुयुल.”

तुयुल म्हणजे मालकासाठी दुसऱ्याच्या घरातला पैसा पळवणारं बाळभूत. बाइकवाल्यांनी तेच नाव एका चोरट्या ॲपला दिलं होतं. माणूस असतो अड्ड्यावर, पण ॲप कंपनीला सांगतं की हा गिऱ्हाइकाच्या दारातच उभा आहे. मग भाडं दुसऱ्या कुणाला कशाला जातंय?

एकदा संशय शिरल्यावर सगळंच जुळायला लागलं. काकांच्या फोनची घंटा कधी कुणी ऐकली नव्हती. “आली बरं का ऑर्डर,” एवढं म्हणून ते उठत आणि भुर्रकन जात. गिऱ्हाइकाला द्यायचं त्यांचं हेल्मेट कोरं करकरीत होतं, म्हणजे माणसांची कटकट नको, नुसती पार्सलची सोपी कामं ते निवडून घेत असणार. आणि खिशात पॉवरबँक! ज्याची बॅटरी संपत नाही त्याला पॉवरबँक कशाला? ती तर ते दुसऱ्यांनाच देत. कालच कुंचोरोच्या हातात ठेवली होती. “घे रे पोरा, तुझं काम अडायला नको.” तेव्हा त्याला भरून आलं होतं. आता त्याच आठवणीनं त्याचं डोकं फिरलं. लुटायचं आणि वर माया करायची!

दुसऱ्या दिवशी काका आले तसे सगळे त्यांच्याभोवती जमले.

“काका, सीट उघडा,” बाग्यो म्हणाला.

“का रे, शेंगदाणे हवेत?” काकांनी हसतच सीट उचलली. आत एक रेनकोट होता आणि शेंगदाण्यांची पिशवी होती. दुसरं काही नव्हतं.

“हुशार आहात. घरी ठेवून आलात,” बाग्यो म्हणाला. “मग हातातला फोन द्या. कंपनीचं ॲप उघडा आमच्यासमोर.”

काकांचं हसू मावळलं. त्यांनी फोन छातीशी धरला. “ते कशाला आता?”

“घाबरता कशाला?”

“घाबरत नाही. पण नको रे.”

“बघा, बघा! चोराच्या मनात चांदणं,” मागून कुणीतरी ओरडलं.

“उद्यापासून या अड्ड्यावर पाय ठेवायचा नाही,” बाग्योनं बजावलं. “जाकीट घालून दिसलात तर फाडून टाकू.”

कुंचोरोला आवाज आवरेना. “माझं लेकरू अजून जन्माला यायचंय काका, आणि तुम्ही आत्ताच त्याच्या तोंडचा घास काढताय? लाज नाही वाटत?”

सारवोनोकाकांनी उघडी सीट बंद केली.

“भाडी सगळी तुम्हीच घ्या रे. खरंच घ्या. एक पण नको मला. फक्त इथं बसू द्या.”

“म्हणजे कबूल!” असं म्हणत कुंचोरोनं त्यांच्या हातातून फोन हिसकावला आणि ॲपच्या नारिंगी चौकोनावर बोट दाबलं. जुन्या फोनवर बराच वेळ नुसतं चक्र गरगरत राहिलं. सगळे वाकून बघत होते. मग पांढऱ्या पडद्यावर कंपनीचा मजकूर उमटला: वयोमर्यादा ओलांडल्यामुळे आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.