अहो-जाहो

"अजून कोणी येणार आहे का?" चौथ्या खुर्चीवर हात ठेवून वेटरनं विचारलं.

"नाही," बाप म्हणाला. वेटरनं खुर्ची उचलली आणि पलीकडच्या टेबलाला नेऊन लावली. तिथं आजी-आजोबांसकट अख्खं कुटुंब दाटीवाटीनं बसलं होतं. बापाला उगाचच वाटलं, थोडं थांबून उत्तर द्यायला हवं होतं.

नवरा-बायको वेगळे राहू लागल्यापासून महिन्यातला एक रविवार मुलं बापाच्या वाट्याला येत. मुलांना आज मजा आली तर पुढच्या वेळी ती आपणहून येतील, कोणी ढकलून पाठवावं लागणार नाही, एवढीच त्याची आशा. हे हॉटेल त्यानं निवडलं ते दारावरच्या हसऱ्या मुलाच्या चित्रावरून. आत आल्यावर कळलं की चित्रातल्या मुलाशी हॉटेलवाल्यांची काही ओळख नसावी. टेबल मिळालं ते स्वयंपाकघराच्या दाराला खेटून. लहान मुलांची उंच खुर्ची एकच होती आणि तिचा एक पाय गेलेला. मग तीन वर्षांच्या गोटूला बापानं स्वतःची बॅग बुडाखाली दिली, तेव्हा कुठे त्याची हनुवटी टेबलाच्या वर आली.

"बाबा, तुम्ही इकडे सरका," सात वर्षांची ताई म्हणाली. "दार लागेल तुम्हाला."

तुम्ही. सकाळपासून हेच चाललं होतं. पूर्वी दोन्ही पोरं 'ए बाबा, तू घोडा हो' म्हणत पाठीवर चढायची. आता एकदम अहो-जाहो. शाळेत वळण लावत असतील, त्यानं मनाची समजूत घातली. पोरगी मोठी होतेय, चांगलंच आहे की. पण दर वेळी तो शब्द नव्या चपलेसारखा चावत होता.

"नूडल्स बिनतिखट हव्यात," त्यानं वेटरला बजावून सांगितलं. "मुलं लहान आहेत. तिखट अजिबात नको." वेटरनं मान डोलावली, पण डोळे दुसऱ्याच टेबलावर होते.

मग सुरू झालं ताटकळणं. मागून आलेली माणसं जेवून हात पुसायला लागली. समोरून जाताना हात वर केलेला माणूस न दिसण्याची विद्या या वेटरला उत्तम साधली होती. चुकून नजरानजर झालीच तर म्हणायचा, "आलंच, साहेब." ते 'आलंच' ऐकून ऐकून पोटातले कावळेसुद्धा ओरडून दमले. गोटूनं कागदी रुमाल फाडून संपवले आणि चमच्यानं टेबल बडवायला घेतलं. शेजारच्या आजीबाईंनी वळून बापाकडे पाहिलं. ही नजर त्याला ओळखीची झाली होती. एकट्या बापाबरोबर मुलं दिसली की लोक आईला शोधतात.

शेवटी नूडल्स आल्या त्या लालभडक. गोटूनं मोठा घास घेतला आणि जीभ बाहेर काढून भोकाड पसरलं.

"मी बिनतिखट सांगितलं होतं ना?"

"तिखट नाहीच घातलं, साहेब," वेटर म्हणाला. "नुसती मिरची आहे."

बाप उभा राहिला. तसा तो आवाज चढवणाऱ्यातला माणूस नव्हता. पण आपला बाप आपल्यासाठी भांडतो, हे मुलांना एकदा दिसावं असं त्याला फार वाटलं. "मालकांना बोलवा," तो मोठ्यानं म्हणाला. "लहान पोरांना काय वाढावं एवढं कळत नाही तुम्हाला? मघापासून बसवून ठेवलंय, आणि वर ही मस्करी?" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

ताईनं भावाला पाणी पाजलं, त्याचं नाक पुसलं. मग खाली बघतच म्हणाली, "राहू द्या ना बाबा. तुम्ही त्रास नका करून घेऊ. आम्ही घरी जाऊन जेवू."

कुठल्या घरी, हे विचारायची गरज नव्हती. बाप खाली बसला.

"बदलून आणतो," वेटर पुटपुटला आणि प्लेट उचलायला वाकला. तेवढ्यात गोटूनं त्याचा अ‍ॅप्रन धरला. गालावर अजून पाणी होतं.

"ए काका, तू मला हाऽहाऽ केलंस," तो म्हणाला. "आता तू गोड आण."

वेटर पहिल्यांदाच हसला. "बरं बाबा, गोड आणतो."

"गोटू, तू नाही म्हणायचं," ताईनं त्याला दटावलं. "तुम्ही म्हणायचं."

"का?"

"हे काका आपल्या घरात राहतात का?"

गोटूनं वेटरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. नाही.

"मग. आपल्या घरात राहत नाहीत त्यांना तुम्ही म्हणायचं. बाबांना म्हणतो ना, तसं."

वेटरचं हसू ओसरलं. तो प्लेट हातात धरून तसाच उभा राहिला. गोटूला मात्र पटलं असावं, त्यानं अ‍ॅप्रन सोडून दिला.

ताईनं मान वर करून बापाकडे पाहिलं. कविता न अडखळता म्हणून दाखवल्यावर बघायची, तशी.

"बरोबर सांगितलं ना मी, बाबा?"

बापानं टेबलावरचे फाटक्या रुमालाचे तुकडे गोळा केले.

"बरोबर," तो म्हणाला. "शहाणी आहेस."